विचार खरा की खोटा, ते करून बघणं : सीबीटीची ओळख

मानसोपचार घ्यावा की नाही, यावर माणसं महिनोन्‌महिने स्वतःशीच वाद घालत राहतात. त्या वादातला सगळ्यात चिवट मुद्दा हा असतो : "माझा त्रास काही एवढा मोठा नाही." कामावर जाणं चालू आहे, घरचं सगळं होतंय, चारचौघांत हसणंही जमतंय. मग मदत कशाला मागायची? आपल्याहून जास्त सोसणारी माणसं लगेच डोळ्यांसमोर येतात आणि विषय पुन्हा मागे पडतो.

मला हा मुद्दा घातक वाटतो, कारण त्यात मोजपट्टीच चुकीची धरलेली असते. दुःख किती मोठं आहे यापेक्षा ते रोजच्या जगण्यात किती शिरलंय, हे बघायला हवं. झोप मोडली आहे का? ज्यात पूर्वी मन रमायचं त्यात आता रमत नाही का? माणसं टाळली जातायत का, साधे निर्णय तासन्‌तास लांबतायत का, मनातला ताण घरच्यांवर चिडचिडीच्या रूपात निघतोय का? उदासी किंवा कशातच रस नसणं जवळपास रोज, दिवसाचा बराचसा वेळ, सलग दोन आठवडे टिकलं तर तज्ज्ञांना दाखवावं. नैराश्याचं निदान करतानाही किमान हाच काळ धरला जातो. आणि कसलंही निदान झालेलं नसताना, नुसतं "मला हे एकट्याला निस्तरत नाहीये" एवढ्यावरही जाता येतं. तिथे पात्रता सिद्ध करावी लागत नाही.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या आधी. जगणं नको वाटत असेल, स्वतःला इजा करून घेण्याचे विचार येत असतील, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आत्ताच कुणाला तरी सांगा : जवळच्या माणसाला, तुमच्या भागातल्या आपत्कालीन सेवेला, हेल्पलाइनला किंवा सरळ रुग्णालयात जाऊन. थेरपिस्टची वेळ मिळेपर्यंत थांबायचं नाही. आणि जवळच्या कुणाबद्दल अशी शंका येत असेल तर त्याला स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून बोलता येतं.

कुणाकडे जायचं, यात बराच गोंधळ असतो. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात, निदान करतात आणि औषधं लिहून देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांचं प्रशिक्षण मूल्यमापनाचं आणि थेरपीचं असतं. समुपदेशक या नावाखाली काम करायला लागणारं शिक्षण सगळीकडे सारखं नाही, म्हणून ते विचारून घ्यावं, आणि विचारताना संकोच करू नये. एकदा साध्या डॉक्टरांकडूनही तपासून घेणं शहाणपणाचं, कारण थायरॉइडचं काम मंदावलं तरी माणूस नैराश्यासारखाच थकलेला, उदास दिसू शकतो.

बेक यांना काय ऐकू आलं

थेरपीचे प्रकार पुष्कळ आहेत. त्यांतल्या सीबीटीवर, म्हणजे बोधात्मक वर्तनोपचारावर, सर्वाधिक संशोधन झालंय. तिची सुरुवात एका फसलेल्या तपासणीतून झाली.

ॲरन बेक हे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले मनोविकारतज्ज्ञ. त्यांची तयारी मनोविश्लेषणाच्या परंपरेत झालेली. त्या परंपरेत नैराश्याचं स्पष्टीकरण असं होतं, की माणसाचा दडपलेला राग स्वतःवरच उलटतो. हे शास्त्रीय रीतीने दाखवून द्यावं म्हणून बेक यांनी नैराश्यग्रस्तांची स्वप्नं अभ्यासली. रागाऐवजी तिथे सापडलं ते नाकारलं जाणं, हरणं, गमावणं. जागेपणी ही माणसं स्वतःबद्दल जे बोलत, तेच स्वप्नांतही होतं.

दुसरा धागा त्यांना रुग्णांशी बोलताना हाती लागला. एक स्त्री आपल्या खासगी आयुष्याबद्दल सांगत होती आणि अस्वस्थ होत होती. विषय नाजूक म्हणून ती अस्वस्थ आहे, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात तिच्या मनात सारखं येत होतं, की मी यांना कंटाळा आणतेय. बोलण्याच्या प्रवाहाखाली विचारांचा आणखी एक प्रवाह वाहत होता : झटपट, तुटक, स्वतःबद्दल कठोर आणि कुणी विचारेपर्यंत तिच्या स्वतःच्याही लक्षात न येणारा. बेक यांनी त्यांना आपोआप येणारे विचार म्हटलं आणि १९६० च्या दशकात त्यांवर उपचारपद्धती उभी केली. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून स्वतंत्रपणे अशीच वाट धरली होती. मराठी वाचकांना ती विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून परिचित आहे. माणसाला गोष्टी अस्वस्थ करत नाहीत, गोष्टींबद्दलची त्याची मतं करतात, हे ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसचं म्हणणं एलिस आवर्जून सांगत.

आता प्रसंग घेऊ. संध्याकाळी वरिष्ठांचा निरोप येतो : "उद्या सकाळी जरा भेटा." एवढाच. वाचणाऱ्याच्या मनात चमकून जातं, 'काहीतरी चुकलंय, आता नोकरी जाणार.' पोटात गोळा येतो. रात्री जुने ईमेल उकरून चूक शोधणं सुरू होतं, झोप उडते. सकाळी तो ओढलेल्या चेहऱ्याने आत जातो, तुटक उत्तरं देतो. वरिष्ठ विचारतात, "बरं नाही का?" आणि तो मनात म्हणतो, 'बघा, यांना माझ्यात खोट दिसलीच.'

विचार, भावना, शरीर आणि वागणं हे चार धागे इथे एकमेकांना खेचतायत. भीतीमुळे झोप गेली, झोप गेल्यामुळे वागणं बिघडलं आणि बिघडलेलं वागणं मूळ विचाराचा पुरावा बनलं. सीबीटीचा दावा असा, की या चक्रात कुठूनही शिरलं तरी ते सैल करता येतं. भावनेला हुकूम देऊन बदलता येत नाही. विचार तपासता येतो आणि वागणं बदलून बघता येतं.

कागदावरचं काम

विचार तपासायचा म्हणजे तो आधी शब्दांत पकडायचा. थेरपिस्ट एक तक्ता देतात. प्रसंग काय, भावना कोणती आणि शून्य ते शंभरात किती तीव्र, त्या क्षणी मनात आलेलं वाक्य कोणतं, त्यावर किती टक्के विश्वास आहे. मग त्या वाक्याच्या बाजूने काय आहे आणि विरुद्ध काय आहे. इथे माणूस पहिल्यांदा अडखळतो, कारण 'मला इतकी भीती वाटतेय, म्हणजे काहीतरी आहेच' हे त्याला पुरावा वाटत असतं. भीती ही भीतीचाच पुरावा आहे, नोकरी जाणार याचा नाही. पुरावा म्हणजे तिसऱ्या माणसाला दाखवता येईल असं काही. गेल्या महिन्यात कामात खरंच दिरंगाई झाली होती, हा पुरावा. त्याच वरिष्ठांनी याआधीही असेच निरोप पाठवले होते आणि ते नव्या कामाबद्दल होते, हाही पुरावा.

यातून शेवटी जे वाक्य निघतं ते बहुतेकदा साधं असतं : 'भेट कशाबद्दल आहे हे मला माहीत नाही. दिरंगाईचा विषय निघाला तर मी अमुक सांगेन. इतर शक्यताही तेवढ्याच आहेत.' भीती नव्वदवरून पन्नासवर येते. शून्यावर येत नाही आणि यायची गरजही नसते. पन्नासवर झोप लागू शकते.

सीबीटी म्हणजे सकारात्मक विचार करायला शिकवणं, असा समज सर्रास आहे. तो मनापासून खोडून काढावासा वाटतो. 'सगळं छानच होईल' हे वाक्यही 'नोकरी जाणार' इतकंच बिनपुराव्याचं आहे, आणि घाबरलेल्या माणसाला ते आतून पटतही नाही. वाईट विचार मनातून हाकलून दे, हा सल्ला तर उलटतोच. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर यांनी १९८७ मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगून बघितलं. अस्वल पुन्हा पुन्हा येतच राहिलं, आणि मनाई उठल्यावर त्याचा विचार आणखी जास्त वेळा आला. म्हणून इथे विचार हाकलायचा नसतो. त्याला समोर बसवून, 'तू हे कशावरून म्हणतोस?' असं विचारायचं असतं. थेरपिस्टही वाद घालून पटवत नाहीत, ते प्रश्न विचारत जातात. उत्तर माणसाच्या स्वतःच्या तोंडून यावं लागतं, नाहीतर ते घरी पोचेपर्यंत विरून जातं.

काही सेशन्सनंतर एकाच जातीचे विचार पुन्हा पुन्हा दिसू लागतात आणि त्यांच्या तळाशी एखादी जुनी समजूत सापडते : 'मी मुळातच कमी आहे', 'चूक झाली की माणसं सोडून जातात'. तिथे पोचायला वेळ लागतो, आणि घाईने पोचूही नये.

टाळणं महाग का पडतं

कागदावरचं काम हा उपचाराचा अर्धाच भाग. दुसरा अर्धा वागण्यातला, आणि माझ्या मते खरा बदल बहुतेक तिथेच घडतो.

भीती वाटते, माणूस ती गोष्ट टाळतो, लगेच हायसं वाटतं. हे हायसं वाटणं हीच मेख आहे. 'टाळलं म्हणून वाचलो' असा धडा मेंदू घेतो. टाळलं नसतं तर काय झालं असतं, हे कधी कळतच नाही, आणि न तपासलेली भीती वर्षानुवर्षं ताजी राहते. वर तिची हद्दही वाढत जाते. आधी लिफ्ट टळते, मग गर्दी, मग एकट्याने बाहेर पडणं.

पॅनिक अटॅकमध्ये हे फार स्पष्ट दिसतं. कुठल्याही साध्या कारणाने छातीत धडधडतं. मन म्हणतं, 'हा हार्ट अटॅक.' त्या घबराटीने शरीर आणखी ॲड्रेनलिन सोडतं, धडधड वाढते आणि मन म्हणतं, 'बघ, खरंच.' मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये ही साखळी मांडली : शरीरातल्या निरुपद्रवी संवेदनांचा भयंकर अर्थ लावणं हेच पॅनिकचं इंजिन. झटका बहुधा काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि आपणहून उतरतो. पण तोवर माणूस खाली बसलेला असतो, भिंत धरलेली असते, कुणाला तरी फोन लावलेला असतो. झटका गेल्याचं श्रेय भिंतीला मिळतं, फोनला मिळतं. पुढच्या वेळी तो भिंतीच्या कडेनेच चालतो.

यावरचा उपाय ऐकायला विचित्र वाटतो. हृदयाची वैद्यकीय तपासणी ठीक आहे हे कळल्यावर, थेरपिस्ट त्या संवेदना मुद्दाम आणायला सांगतात. जागेवर धावायचं, मिनिटभर जोरजोरात श्वास घ्यायचा, खुर्चीत बसून गरगर फिरायचं. सुरू करण्याआधी अंदाज लिहून घ्यायचा : 'धडधड वाढली की दोन मिनिटांत मी कोसळेन. खात्री ऐंशी टक्के.' मग करून बघायचं, तेही कशालाही न धरता. माणूस कोसळत नाही. घामाघूम होतो, घाबरतो, पण उभा असतो. आपल्याच अक्षरातला अंदाज आणि आपण उभे आहोत ही वस्तुस्थिती शेजारी शेजारी ठेवल्यावर जे शिकणं होतं, ते तासभर समजावूनही होत नाही.

चारचौघांत बोलण्याची भीती असलेल्यांचंही असंच. आवाज कापेल म्हणून वाक्यं पाठ करायची, नजर खाली ठेवायची, हात घट्ट दाबून धरायचे. हे बचाव माणसाला मदतीचे वाटतात. प्रत्यक्षात सगळं लक्ष स्वतःवर खिळवून ते बोलणं अवघड करतात. म्हणून सेशनमध्ये एकदा सगळ्या बचावांसह आणि एकदा ते सोडून देऊन बोलायला लावतात, त्याचं चित्रीकरण करतात आणि मग दाखवतात. आतून प्रचंड वाटणारी थरथर पडद्यावर बहुतेकदा दिसतच नाही.

भीतीला पायरीपायरीने सामोरं जाण्याची कल्पना बेक यांच्याही आधीची आहे. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाबद्दल लिहिलं. तो आवडीचं खात असताना ससा दर वेळी थोडा जवळ आणला गेला, आणि शेवटी पीटर त्याच्याशी खेळू लागला. आज थेरपिस्टसोबत बसून भीतीची जी शिडी आखतात, तिची मुळं इथे आहेत. ओसीडीत, म्हणजे नको ते विचार आणि त्यांपायी तीच कृती पुन्हा पुन्हा करावीशी वाटणं या आजारातही, हेच तत्त्व चालतं : अस्वच्छ वाटणाऱ्या वस्तूला हात लावायचा आणि हात धुण्याची ऊर्मी येऊ द्यायची, पण धुवायचे नाहीत. हे मात्र प्रशिक्षित माणसासोबतच करावं. आपल्या मनाने, एकदम वरच्या पायरीवर उडी मारून नाही.

नैराश्यात टाळण्याचं रूप वेगळं असतं. बरं वाटलं की उठेन, असं माणूस म्हणतो, आणि बरं वाटणं येतच नाही, कारण ज्या कामांतून ते यायचं ती सगळी सुटलेली असतात. म्हणून क्रम उलटा करतात : आधी कृती, मग मनःस्थिती. सकाळी दहा मिनिटं बाहेर चालणं, एका मित्राला फोन, एक ड्रॉवर आवरणं. प्रत्येक कामापुढे दोन आकडे लिहायचे, आनंद किती मिळाला आणि काहीतरी जमल्याचं समाधान किती. आधी वाटलं होतं त्यापेक्षा आकडा पुष्कळदा जास्त निघतो. नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये उपचाराचे भाग सुटे करून बघितले, तेव्हा नुसत्या या कृतींच्या भागानेही पूर्ण उपचाराइतकाच फरक पडलेला दिसला. "उठ, काहीतरी कर, हातपाय हलव" असं नैराश्यातल्या माणसाला सुनावणं मात्र अगदी वेगळं. त्यात दोष असतो. इथे कृती मुद्दाम इतकी लहान ठेवतात की जमावी, आणि नाही जमली तर का नाही याची चौकशी होते, उलटतपासणी नाही.

प्रत्यक्षात काय होतं, काय होत नाही

साधारण आठवड्यातून एकदा, पाऊण ते एक तासाचं सेशन. बऱ्याच त्रासांसाठी बारा ते वीस सेशन्स धरतात. एखाद्या विशिष्ट भीतीला त्याहून कमी, जुन्या गुंतागुंतीच्या त्रासाला जास्त. सुरुवातीला आज काय घ्यायचं ते दोघं मिळून ठरवतात, मागच्या आठवड्याचं काम बघतात, शेवटी नवं काम ठरतं. 'तो गप्प बसून ऐकणार आणि मी बोलणार' अशी अपेक्षा ठेवून गेलेल्यांना थेरपिस्टचा सहभाग आश्चर्याचा वाटतो. आणि घरचा अभ्यास खरोखरच असतो. तो करणाऱ्यांना सरासरीने जास्त फायदा होतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. राहिला तर लपवू नये. तो का राहिला, यातच पुढच्या सेशनचा विषय सापडतो.

सीबीटी सगळ्यावर नाही. बायपोलर आजारात (मन कधी अतिउत्साहाच्या, कधी नैराश्याच्या टोकाला जाणं) आणि सायकोसिसमध्ये (भास, भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) औषधं मध्यवर्ती असतात, थेरपी जोडीला. तीव्र नैराश्यात दोन्ही मिळून देतात. चालू औषधं डॉक्टरांशी बोलल्याशिवाय थांबवू नयेत, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं म्हणून इथेही सांगते. नैराश्यावर इतर काही थेरपींचे परिणामही सीबीटीच्या तोडीचे आहेत, आणि थेरपिस्टशी जुळणारं विश्वासाचं नातं कुठल्याही पद्धतीत महत्त्वाचं ठरतं. त्यामुळे एक पद्धत किंवा एक थेरपिस्ट जुळला नाही, तर आपणच न सुधारणारे, असा निष्कर्ष काढायचं कारण नाही.

त्याहून महत्त्वाची मर्यादा अशी, की सगळे त्रासदायक विचार चुकीचे नसतात. घरात मारहाण होत असेल, कामावर खरोखर छळ होत असेल, तर भीती ही अचूक माहिती आहे. तिथे कुणी थेरपिस्ट 'तुमचा विचार बदलून बघू' म्हणू लागला तर तो चुकतोय. तिथे आधी सुरक्षितता, कायद्याची मदत आणि बाहेर पडण्याची योजना. चांगला सीबीटी थेरपिस्ट हा फरक पहिल्यांदा तपासतो. जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतरचं दुःखही दुरुस्त करण्याची गोष्ट नसते.

थेरपी संपवायची असते, हे पहिल्या दिवसापासून धरलेलं असतं. शेवटच्या काही सेशन्समध्ये पुढची योजना लिहून ठेवतात : त्रास परत येऊ लागला तर पहिल्या खुणा कोणत्या, तेव्हा काय करायचं, कुणाला सांगायचं. नैराश्यावरच्या अभ्यासांत एक गोष्ट वारंवार दिसली आहे : औषधांनी बरं होऊन ती थांबवलेल्यांपेक्षा सीबीटी पूर्ण केलेल्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण कमी राहतं. कौशल्य माणसाकडेच राहतं, हे त्याचं एक पटणारं कारण.

पहिला फोन अनेकांना सगळ्यात जड जातो, कारण काय बोलायचं तेच सुचत नाही. आयुष्याची कहाणी तिथे सांगायची नसते. "मला गेले काही महिने झोप लागत नाही आणि सतत धास्ती वाटते, मला वेळ हवी आहे," एवढं पुरे. कागदावर लिहून, वाचून दाखवलं तरी चालतं. सोबत चार प्रश्न लिहून ठेवा. तुमचं सीबीटीचं प्रशिक्षण कुठे झालं? माझ्यासारख्या त्रासावर तुम्ही काम केलंय का? फरक पडतोय हे आपण कशावरून ठरवणार? मी सांगितलेलं कुणाला, कोणत्या परिस्थितीत कळवावं लागतं? शेवटच्या प्रश्नाला 'कधीच नाही' असं उत्तर आलं तर नीट विचारा, कारण जिवाला धोका असेल तेव्हा गोपनीयतेला अपवाद असतो आणि जबाबदार थेरपिस्ट ते आधीच सांगतात. खात्रीने बरं करण्याची हमी देणारा, तुमच्या त्रासाची टर उडवणारा किंवा व्यावसायिक नात्याची मर्यादा ओलांडणारा माणूस भेटला तर तिथून निघा. बाकी ठीक असूनही चार-सहा सेशन्सनंतर दिशा दिसत नसेल, तर हेच त्यांना सांगा. त्यावर ते काय करतात, यावरून पुढे थांबायचं की दुसरीकडे जायचं ते ठरवता येईल.